जर्मनमध्ये मनापासून आभार मानायचे असतील तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सांगलीकडच्या. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षण, करत होतात, ती आता पूर्ण झाली आणि दुसऱ्या शहरात नोकरी लागली. खालच्या मजल्यावरच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी ही 3 वर्षं तुम्हाला घरच्यासारखं सांभाळलं. सरकारी पत्रं तुमच्यासोबत बसून वाचली, परीक्षेआधी तुमचे उच्चार घोटून घेतले, रात्रपाळी असली की तुमच्या वाट्याचा जिनाही झाडून टाकला. त्यांना निरोपाचं पत्र लिहायचंय आणि ‘फीलेन डांक’, म्हणजे ‘खूप आभार’, अगदी कोरडं वाटतंय. म्हणून ‘मी आयुष्यभर तुमच्या ऋणात राहीन’ याला जर्मनमध्ये काय म्हणतात, असं तुम्ही विचारलंत. निघताना वाकून नमस्कार केला तर चालेल का, आणि पैठणीचा स्टोल द्यावा का, हेही विचारलंत.

मी पुण्यात 24 वर्षं जर्मन शिकवते, त्याआधी काही काळ तिकडे राहिले आहे. विद्यार्थी हा प्रश्न मला नेहमी ‘थँक्यूपेक्षा मोठा शब्द कोणता’ अशा रूपात विचारतात. पण खरी अडचण शब्द कमी पडण्याची नाही. आपण मराठीत कृतज्ञता ज्या रीतीने व्यक्त करतो ती रीत तिथे तशीच्या तशी पोहोचत नाही, ही अडचण आहे.

आधी तुमच्या वाक्याचं बघू. त्याचं जर्मन होतं: इश श्टेए टीफ इन ईरर शुल्ट. व्याकरण बरोबर आहे आणि जर्मन लोकही हे वाक्य वापरतात. तरी तुम्ही ते लिहू नका, असं मी म्हणेन. ‘शुल्ट’ म्हणजे देणं, आणि ‘शुल्ट’ म्हणजे दोष, अपराधही. ‘चूक माझी आहे’ म्हणतानासुद्धा जर्मन माणूस हाच शब्द काढतो. आपल्याकडे ऋण या शब्दाला वेगळंच तेज आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ऐकत आपण मोठे होतो. काही ऋणं फेडायची नसतातच, त्यांत राहण्यातच आपल्याला धन्यता वाटते. जर्मन कानाला मात्र देणं म्हणजे फेडून मोकळं व्हायची गोष्ट. ज्या बाईंनी मायेने केलं, त्यांना तुम्ही सांगताय की आपल्यात हिशोब बाकी राहिला.

हे मी स्वतः अनुभवलंय. 1997 च्या हिवाळ्यात मी ट्यूबिंगेनमध्ये एका वयस्कर बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. परत निघताना मी शब्दकोश समोर ठेवून त्यांना पत्र लिहिलं आणि त्यात हेच वाक्य घातलं, वर ‘कायमची’ असंही जोडलं. त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पत्र वाचलं, चष्मा काढला, ओट्याखालचा खण उघडून भाड्याची निळी वही बाहेर काढली आणि शेवटच्या महिन्याच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘अगं बाळ, तू मला काहीच देणं लागत नाहीस.’ त्यांचा आवाज काळजीचा होता. मला जे सांगायचं होतं त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं.

पुण्याला आल्यावर मी त्यांना एक साधं कार्ड पाठवलं. त्यात एवढंच होतं की मी वाचनालयातून शेवटच्या बसने यायचे तेव्हा तुम्ही जिन्यातला दिवा चालू ठेवायचात आणि गॅसवर झाकलेलं सूप असायचं; त्या दिव्यामुळे त्या गावात मला कधी एकटं वाटलं नाही. 2006 मध्ये मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते कार्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. कपबश्या काढायला त्या रोज तेच दार उघडत असणार.

तेव्हापासून मी वर्गात हेच सांगत आले आहे. जर्मनमध्ये आभाराची खोली विशेषणाने वाढत नाही. समोरच्याने नेमकं काय केलं आणि त्याने तुमचं काय झालं, हे सांगितलं की वाढते. त्या भाषेच्या पोटातच हे आहे. ‘डांक’ म्हणजे आभार आणि ‘डेंकेन’ म्हणजे विचार करणं, हे दोन शब्द एकाच मुळातून आले आहेत. आभार मानणं म्हणजे मुळात मनात ठेवणं. आपल्या ‘कृतज्ञ’ शब्दातही तेच नाही का? कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. जर्मन माणूस ही जाण शब्दांत मांडून ऐकण्याची अपेक्षा ठेवतो, आणि आपण ती न बोलता पोहोचेल असं धरून चालतो. घरात आईने ताट वाढलं तर आपण तिला धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर तिलाच परकं वाटेल. तिकडे मीठ पुढे सरकवलं तरी नवरा बायकोला ‘डांके’ म्हणतो. दिवसातून वीस वेळा वापरलेला हा शब्द गुळगुळीत झालेला असतो, म्हणून खऱ्या आभाराला त्याच्यापुढे काहीतरी लागतंच. तुम्हाला ‘फीलेन डांक’ कोरडं वाटलं ते बरोबरच आहे.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. तुम्ही त्या बाईंना ‘झी’ (आदराचं ‘तुम्ही’) म्हणता की ‘डू’ (जवळिकीचं ‘तू’), हे तुम्ही लिहिलेलं नाही. सत्तरीच्या शेजारीणबाई आहेत म्हणून मी ‘झी’ धरून लिहिते आहे. त्यांनी स्वतःहून ‘डू’ सुचवलं असेल तर पत्रातही ‘डू’च हवं, नाहीतर शेवटच्या क्षणी तुम्ही एक पाऊल मागे सरकल्यासारखं होईल. प्रदेशावरही बरंच असतं. बव्हेरियात, ऑस्ट्रियात जुनी माणसं ‘फेअरगेल्ट्स गॉट’ म्हणतात, म्हणजे देव तुम्हाला याचं फळ देवो, आणि त्यावर ‘झेग्नेस गॉट’ असं उत्तर येतं. स्वित्झर्लंडमध्ये ‘मेर्सी फिलमाल’ ऐकू येतं. ही बोली तिथल्या माणसाच्या तोंडीच शोभते, आपण उसनी घेऊ नये. तुम्ही आहात श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशात, आणि तिथली एक म्हण लक्षात ठेवण्यासारखी आहे: ‘नेट गशिंप्फ्ट इश गनूग ग्लोप्ट’. रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं! ज्या माणसांचं कौतुक एवढं मोजकं, त्यांच्यासमोर चार अलंकारिक वाक्यं एकदम ओतली तर ती अवघडतात. नेमकं बोललेलं एक वाक्य मात्र तुमच्या बाई वर्षानुवर्षं जपतील.

शब्दांच्या पायऱ्या थोडक्यात सांगते. ‘फीलेन डांक’ कुठेही चालतं, म्हणूनच ते कुणाचंच नाही. ‘बेस्टेन डांक’ला कचेरीचा वास आहे, तो तुमच्या पत्रात नको. ‘टाउझेंट डांक’ मैत्रिणीला ठीक. ‘हेर्त्सलिशेन डांक’ उबदार आहे, पण दुकानाच्या पावतीखालीसुद्धा छापलेलं सापडतं. तुम्हाला हवंय ते ‘इश डांके ईनेन फॉन हेर्त्सेन’. यातला ‘फॉन हेर्त्सेन’ म्हणजे आपलं मनापासून. पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते आधीचे तीन शब्द. नुसतं ‘डांके’ हे त्या वाक्याचं तोडलेलं रूप आहे, त्यात आभार मानणारी ‘मी’ पण नाही आणि ‘तुम्ही’ पण नाही. पूर्ण ‘इश डांके ईनेन’ म्हटलं की दोन माणसं समोरासमोर येतात. सावकाश म्हणून बघा, फरक लगेच जाणवेल.

मराठी विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या चुका इथेच होतात. ‘मनापासून’चं शब्दशः करून ‘आउस मायनेम हेर्त्स’ लिहितात. ते नको, ‘फॉन हेर्त्सेन’ हाच ठरलेला प्रयोग आहे. ‘तुम्हाला धन्यवाद’ म्हणताना ‘इश डांके झी’ म्हणतात. ‘डांकेन’ (आभार मानणं) या क्रियापदाला चतुर्थी लागते, म्हणून ‘ईनेन’, आणि ‘डू’ असेल तर ‘डीअर’. त्याच अर्थाचं ‘बेडांकेन’ वापरायचं असेल तर त्याची बांधणी वेगळी: इश बेडांके मिश बाय ईनेन फ्यूर ईरे हिल्फे. म्हणजे ज्याचे आभार त्याच्याआधी ‘बाय’ आणि ज्याबद्दल आभार त्याच्याआधी ‘फ्यूर’. आणि लिहिताना ‘ईनेन’चं पहिलं अक्षर मोठं काढायला अजिबात विसरू नका. छोटं काढलंत तर अर्थ ‘त्यांना’ असा होतो, आणि तुमचे आभार तिसऱ्याच कुणाकडे जातात.

आता पत्र. मी तुमच्या प्रश्नातल्याच गोष्टी घेऊन लिहिते, तुम्ही आपल्या परीने बदला. मायना ‘लीबे फ्राउ’ (प्रिय श्रीमती) आणि पुढे आडनाव. ‘झेअर गेएअर्टे’ (माननीय) नको, ते कार्यालयासाठी. मायन्यानंतर स्वल्पविराम आणि पुढची ओळ छोट्या अक्षराने सुरू, अर्थात पहिला शब्द नाम नसेल तर.

पहिलं वाक्य: फोअर मायनेम उम्त्सूग म्योश्टे इश ईनेन फॉन हेर्त्सेन डांकेन. घर सोडण्याआधी मला तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत. बस. प्रस्तावना नको. आपण दोन परिच्छेद खुशालीत घालवून मग मुद्द्यावर येतो. तिकडे मुद्दा आधी सांगितला तर माणूस निवांतपणे पुढचं वाचतो.

दुसरं: झी हाबेन येडेन ब्रीफ फॉम आम्ट मिट मिअर गेलेझेन उंट गेवार्टेट, बिस इश ईन झेल्पस्ट फेअरश्टांडेन हाबे. सरकारी कार्यालयातून आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही माझ्यासोबत वाचलंत आणि मला ते स्वतःला कळेपर्यंत थांबलात. या वाक्यातला जीव ‘थांबलात’मध्ये आहे. पत्र वाचून दाखवणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या बाई खरंच थांबत असतील तर हे लिहा, नसतील तर त्या जे करत असतील ते लिहा. इथे ‘तुम्ही मला खूप मदत केलीत’ असं लिहिलंत तर पत्र तिथेच मरतं.

तिसरं: वेन इश नाख्टडीन्स्ट हाटे, हाबेन झी मायने केअरवोखे गेमाख्ट उंट नी आयन वोर्ट डार्यूबर फेअरलोरेन. मला रात्रपाळी असली की तुम्ही माझी केअरवोखे केलीत आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीत. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, केअरवोखे म्हणजे श्वाबियातली जिना आणि घरासमोरचा फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते आणि सगळा शेजार ती बघतो. तिथे दुसऱ्याची केअरवोखे गुपचूप करून टाकणं म्हणजे, आपल्याकडे पाणी जायच्या आत शेजारणीने आपले हंडे भरून ठेवावेत, तसं. ते तुमच्या लक्षात आलं होतं, हे त्यांना कळू द्या. न बोलता केलेल्या कामाची कुणी नोंद घेतली, याचं सुख फार मोठं असतं.

चौथं: ओने झी हेटे इश डी प्र्यूफुंग निश्त गेशाफ्ट. तुमच्याशिवाय मी परीक्षा पार केली नसती. इथे क्रियापदाचं ‘हेटे’ हे रूपच हवं, कारण न घडलेली गोष्ट आपण कल्पून बोलतोय. आणि हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. जर्मन माणूस अतिशयोक्ती चटकन ओळखतो, मग आधीची खरी वाक्यंही त्याला पातळ वाटू लागतात.

शेवटचं, तुमच्या ‘आयुष्यभर ऋणात राहीन’च्या जागी: डास वेअर्डे इश ईनेन नी फेअरगेसेन. मराठीत ‘हे मी कधी विसरणार नाही’ एवढंच दिसतं. पण मधल्या ‘ईनेन’ने त्याचा अर्थ ‘तुम्ही माझ्यासाठी हे केलंत, ते मी कधी विसरणार नाही’ असा होतो. तुम्हाला जे म्हणायचं होतं ते सगळं यात आहे, आणि ‘शुल्ट’ कुठेच नाही. खाली ‘हेर्त्सलिशे ग्र्यूसे’ (मनःपूर्वक शुभेच्छा), त्यापुढे स्वल्पविराम नाही, पुढच्या ओळीवर ‘ईरे’ (तुमची) आणि तुमचं नाव.

पाच वाक्यं झाली. अजून लिहावंसं वाटेल, पण मी थांबेन. कागदावर हाताने लिहा, छापून देऊ नका. आणि पाकिटावर किंवा कार्डावर ‘डांकझागुंग’ (आभारप्रदर्शन) असं शीर्षक घालू नका. प्रबंधाच्या सुरुवातीला हा शब्द चालतो, पण वर्तमानपत्रात घरातलं माणूस गेल्यावर सांत्वनाला आलेल्यांचे आभार मानणारी जी चौकट येते तिलाही हेच नाव आहे. सत्तरीच्या माणसाला तो शब्द तिथलाच आठवणार.

समोरासमोर बोलायची वेळ आली तर पत्रातलं एकच वाक्य निवडा. डोळ्यांत बघून, सावकाश म्हणा आणि गप्प राहा. आपल्याला शांतता टोचते म्हणून आपण पुढे बोलत राहतो, आणि त्यांना उत्तर द्यायला जागाच उरत नाही. त्या कदाचित ‘गेर्न गेशेएन’ म्हणतील, म्हणजे आनंदाने केलं. किंवा ‘निश्ट्स त्सू डांकेन’, आभार कसले. हे ऐकून खट्टू होऊ नका, आपल्या ‘त्यात काय एवढं’सारखंच ते आहे. त्यांनी निरोपाच्या कॉफीला बोलावलं आणि केकचा आणखी तुकडा विचारला, तर नुसतं ‘डांके’ म्हणजे ‘नको’. 3 वर्षांत हे तुम्हाला माहीत झालंच असेल, नव्याने जाणाऱ्यांनी मात्र गाठीला बांधून ठेवावं. हवा असेल तर ‘या, गेर्ने’.

वाकून नमस्काराचं: करा, तुमच्या मनात आहे तर जरूर करा, पण आधी एका वाक्यात सांगून. आमच्याकडे निरोप घेताना वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावतात, मला तुमच्या पाया पडायचंय, चालेल ना, असं विचारा. न सांगता वाकलात तर त्या घाबरून तुम्हाला उठवू लागतील आणि तो क्षण दोघींच्याही हातून जाईल. त्या ‘नको’ म्हणाल्या तर हात जोडा. त्यांनीच मिठी मारली तर उत्तमच.

पैठणीच्या स्टोलबद्दल मी थोडी कचरते. महाग भेट मिळाली की तिथल्या माणसाला लगेच परतफेडीचा विचार पडतो, म्हणजे पुन्हा ती निळी वही आलीच. त्यांना रंगीत कापडाची आवड असेल आणि तुम्हाला ते पक्कं माहीत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आदल्या दिवशी चार पुरणपोळ्या करा, तूप लावून गरम गरम खाली घेऊन जा. फुलं नेणार असाल तर हातात देण्याआधी वरचा कागद काढा. लाल गुलाब नकोत, ते प्रेमाचे, आणि पांढरी लिली किंवा शेवंती नको, ती तिथे कबरीवरची. तुमच्या वॉर्डमधल्या शिक्षिकांना किंवा सरकारी कार्यालयातल्या कुणाला काही द्यायचं मनात असेल तर आधी विचारून घ्या, सरकारी नोकरांना भेटी घेण्यावर बंधनं असतात. तिथे आभाराचं पत्र हीच भेट, आणि ते त्यांच्या वरिष्ठांच्या नावाने लिहिलंत तर त्याचा त्यांना उपयोगही होतो.

एक गोष्ट राहिली. तुम्ही पुरणपोळ्यांचा डबा आणि पत्र त्यांच्या हातात द्याल तेव्हा त्या बहुतेक म्हणतील, ‘डास वेअरे डोख निश्त न्योटिश गेवेझेन.’ म्हणजे अगं, याची काही गरज नव्हती. आपल्याकडे पाहुण्याच्या हातातली पिशवी घेताना काकू ‘कशाला आणलंस एवढं’ म्हणतात ना, तेच. त्यावर जर्मनमध्ये एका शब्दाचं उत्तर आहे. कुणी ‘नाही’ म्हटलं आणि आपल्याला ‘होय, होतीच’ असं ठामपणे म्हणायचं असलं की तो शब्द वापरतात. तुम्ही त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणा: डोख.